खोक्यांच्या घरी

आमच्या जेवणाच्या टेबलावर ‘ही बाजू वर’ असं छापलेलं होतं आणि त्यापुढचा बाण खिडकीकडे रोखलेला होता. टेबल म्हणजे टीव्हीचा खोका. आतला थर्माकोल तसाच ठेवून तो दोन सूटकेसांवर आडवा घातला होता आणि वर फुलाफुलांची चादर पसरली होती. खुद्द टीव्ही भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसलेला असे. आम्हीही जमिनीवरच बसत असल्याने त्याला कमीपणा वाटायचं कारण नव्हतं.

याला मी काटकसरीची व्यवस्था म्हणत असे. बायको याला फलाटावरचा संसार म्हणे.

कंपनीने मला इथल्या, परदेशातल्या शाखेचे हिशेब मार्गी लावायला पाठवलं ते तात्पुरतं. नेमणुकीच्या पत्रात तसा शब्दच होता, आणि एखादा शब्द कागदावर आला की तो शेवटपर्यंत पाळायचा, हा हिशेबाच्या धंद्यातल्या माणसाचा आजार असतो. तात्पुरतं राहायचं म्हणजे कुठलीही वस्तू घेताना विचारायचं, ही परत नेता येईल का? नसेल, तर विकता येईल का? तेही नसेल, तर हिच्यावाचून अडलंय का? या चाळणीतून टीव्ही, ओव्हन, कपडे धुण्याचं यंत्र आणि अशीच चार विजेवर चालणारी मंडळी सुटून घरात आली. टेबल, खुर्च्या, पडदे, भिंतीवरचं घड्याळ, तुळशीएवढी का होईना एक कुंडी, हे सगळं वरच अडकलं. बायको काही सुचवायला लागली की माझं उत्तर तयार असे.

"कशाला? जायचंच आहे."

या उत्तराची मजा अशी की ते कशालाही चालतं. तिने इथली भाषा शिकायच्या वर्गाचं नाव काढलं, तेव्हाही चाललं. वाचनालयाचं कार्ड काढायचं म्हणाली, तेव्हाही चाललं. एकदा खिडकीतून बाहेर बघत ती नुसतीच म्हणाली, "समोरचं झाड किती छान आहे नाही?" तर सवयीने माझ्या तोंडून तेच निघालं. त्यानंतर दोन दिवस आमच्याकडे फक्त कामापुरतं बोलणं झालं.

आता जायचंच आहे म्हटल्यावर खोकी जपायला हवीत. ओव्हन परत न्यायचा तर त्याच्याच खोक्यात नेला पाहिजे, दुसऱ्याच्या खोक्यात त्याला करमणार नाही. आमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला जाळीचं दार असलेली एकेक खोली होती. शेजारी त्यांत सायकली, शिड्या, मुलांच्या जुन्या गाड्या ठेवत. आमच्या खोलीत खोकी होती. यंत्राच्या खोक्यात ओव्हनचा, ओव्हनच्या खोक्यात मिक्सरचा, मिक्सरच्या खोक्यात इस्त्रीचा, आणि इस्त्रीच्या खोक्यात ती सगळी बांधून आली होती त्या दोऱ्या. खोलीला कुलूप होतं. "हवा चोरीला जाईल म्हणून," असं बायको पाहुण्यांना सांगे. म्हणजे सांगितलं असतं. पाहुणे यायचे कुठे?

वरती घरातही एक खोका होता, पण तो भरलेला. त्यात सासूबाईंनी दिलेले निळ्या काठाचे चहाचे कप होते. येताना बायकोने हट्टाने आणलेली ती एकच वस्तू. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, खोक्यावर तिच्या अक्षरात ‘कप. जपून.’ एकदा सोडले की परत तसे बांधून होणार नाहीत, म्हणून तो खोका स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बंदच राहिला. त्याच्या आसपास पळायला कन्येला बंदी होती. चहा आम्ही कंपनीचं नाव छापलेल्या मगांतून पीत असू.

असं सगळं छान चाललं होतं, म्हणजे निदान माझा तसा समज होता. मग कन्येचा वाढदिवस जवळ आला.

वर्गातल्या झाडून सगळ्यांच्या घरी जाऊन ती केक खाऊन आली होती. आता पाळी आपली, हे बायकोने रविवारी सकाळी भाजी चिरता चिरता जाहीर केलं. मी मोठ्या मनाने कन्येला विचारलं, "कोणाकोणाला बोलवायचं गं?"

"बागेत करू या," ती म्हणाली. "घरी नको."

"का? घराला काय झालं?"

"काही नाही झालं. पण ते आपलं कुठे आहे, बाबा? ते खोक्यांचं आहे. आपण त्यांच्याकडे राहतो."

ती रागावून बोलली असती तर समजूत काढता आली असती. ती जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती आणि मान वर न करता, भूगोलाचं उत्तर सांगावं तसं तिने हे सांगितलं. हातातला रंगही बदलला नाही. लहान मुलांना आपण काय बोललो याचा पत्ता नसतो, म्हणून त्यांच्यावर उखडताही येत नाही.

बायकोच्या सुरीचा आवाज तेवढा वाढला. कन्या आत गेल्यावर ती म्हणाली, "अहो, येत्या शनिवारी तिच्या मैत्रिणी इथे, घरी येतील. मला टेबल हवं आणि खुर्च्या हव्यात."

"एका दिवसासाठी टेबल घ्यायचं?"

"घ्या कुठे म्हटलं? आणा."

आणायचं, पण घ्यायचं नाही. हे तत्त्व माझ्याच वळणाचं असल्याने मला विरोध करता येईना.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वयस्क बाई एकट्या राहत. दिवसाच्या कुठल्याही वेळी त्यांच्या हातात झाडांना पाणी घालायची झारी असे, म्हणून आम्ही त्यांना आपापसांत झारीबाई म्हणत असू. सोमवारी जिन्यात त्यांना गाठून मी विचारलं की एक दिवसापुरतं टेबल कुठे मिळेल. इथली भाषा मला शाखेच्या हिशेबापुरती येत होती. तिच्यात जमा आणि खर्च उत्तम सांगता येई, आग्रह आणि संकोच अजिबात नाही.

"तुमच्याकडे टेबल नाही?" झारीबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग जेवता कशावर?"

"जमिनीवर बसून," मी ताठ मानेने सांगितलं. यात लाजण्यासारखं काय आहे?

त्या संध्याकाळी जेवायच्या वेळेला त्याच वर आल्या. जागा बघते, मग सांगते, म्हणाल्या. आम्ही तिघं सतरंजीवर मांडी घालून खोक्याभोवती बसलो होतो. चादर एका बाजूने वर सरकली होती, तिथून सूटकेसा दिसत होत्या. खिडकीला पडदा नव्हता. टीव्ही जमिनीवरून आमच्याकडे बघत होता. झारीबाई दारातच थांबल्या. त्यांची नजर एकेका गोष्टीवरून फिरत कन्येच्या ताटापाशी येऊन टेकली.

"कधी आलात तुम्ही या देशात?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मागच्या वर्षी," कन्येने तोंडात घास असताना उत्साहाने सांगितलं. तिची भाषा आमच्यापेक्षा चांगली होती.

झारीबाई "जेवा, जेवा," म्हणाल्या आणि वळल्या. जाताना झारीतलं पाणी पायऱ्यांवर सांडत गेलं. जिन्यात कोणी सुकी माती सांडली तरी चिठ्ठी लावणारी बाई ती, पण पुसायला थांबली नाही.

मंगळवारी सकाळी दार उघडलं तर बाहेर एक खुर्ची उभी होती. लाकडी, पाठीला गादी, बसून बसून मधे थोडी खोलगट झालेली. मला वाटलं, चुकून राहिली. दुपारपर्यंत तिच्या शेजारी दुसरी आली. ही लोखंडी, वेगळ्या घरातली, पहिलीशी न बोलणारी. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर एक स्टूल आणि पिशवीभर लोकरीचे कपडे. पिशवीत वरच लहान मुलीचे मोजे होते, धुऊन, जोडी जोडी करून ठेवलेले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं, या लोकांना वाटतंय की आपल्याकडे काही नाही."

"मग? आहे?" बायकोने खुर्चीवर बसून बघितलं. वर्षभराने पाठ टेकल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते तिच्या चेहऱ्यावर आलं. "खुर्ची छान आहे हो."

"मी एका मोठ्या कंपनीच्या अख्ख्या शाखेचे हिशेब बघतो. माझ्या सहीशिवाय तिथे पेन्सिल येत नाही."

"घरी तरी कुठे येते?"

बुधवारी तर पूर आला. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त टपालवाले आजोबा होते. वरच्या दोन पोरांच्या मदतीने त्यांनी आपलं जुनं जेवणाचं टेबल स्वतः उतरवलं. त्याचा एक पाय आखूड होता. समोरच्या दारातल्या, पियानो शिकवणाऱ्या बाईंनी दुसरं टेबल दिलं, घडीचं, पण घडी होणं त्याने सोडून दिलेलं. कोणी दिवा दिला, कोणी आणखी खुर्च्या दिल्या. कोणी पडदे दिले, ते आमच्या खिडकीपेक्षा वीतभर आखूड. डब्यातलं टिकाऊ खाणं आलं. ज्या माणसाने एक टेबल घ्यायचं टाळलं, तो चार दिवसांत दोन टेबलांचा धनी झाला, आणि त्या दोन्हींना मिळून सरळ उभे राहणारे पाय सात.

मी परत द्यायला गेलो नाही असं नाही. लोखंडी खुर्ची उचलून टपालआजोबांकडे गेलो, कारण ती त्यांची असावी असा माझा तर्क होता. ती त्यांची नव्हती, पण त्यांनी मला आत बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "होतं असं. दिवस बदलतात." मग झारीबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "गादीची खुर्ची ना? आमचे हे त्याच खुर्चीवर बसायचे. गेल्यापासून तिच्यावर नुसती वर्तमानपत्रं साठत होती. कोणी बसतंय, बरं वाटलं." आता या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं की आमच्या बँकेत पैसे आहेत, फक्त घरात टेबल नाही? खरं सांगितलं तर आम्ही गरीब ठरलो नसतो, वेडे ठरलो असतो. दोन्हींतलं गरीब बरं, असा हिशेब करून मी परत आलो. लोखंडी खुर्चीही परत आली.

गुरुवारी किल्लीवाले उगवले. हे आमच्या इमारतीचे रखवालदार. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की ते येतात हे एक मजला आधी कळे.

"जिन्यातल्या वाटेवर सामान ठेवायचं नाही," ते म्हणाले. "आग लागली तर?"

"घरात मावत नाही."

"तळघरात ठेवा. खोली आहे तुमची."

"ती भरली आहे."

"कशाने?"

मी घसा साफ केला. "खोक्यांनी."

"खोक्यांत काय आहे?"

"खोकी."

किल्लीवाल्यांनी कमरेचा जुडगा सावरला. मग म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत एक काहीतरी हलवा. सामान, नाही तर खोकी."

खोकी हलवायचा विचारही माझ्या मनाला शिवला नाही, हे इथे नमूद केलं पाहिजे. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि जुनं सामान मोडीत काढणाऱ्या नगरपालिकेच्या कचेरीत गेलो. टोकन घेतलं, बाकावर बसलो, नंबर लागला. खिडकीमागच्या बाई अतिशय नम्र होत्या. कचेरीतली नम्र माणसं जास्त अवघड असतात, त्यांच्याशी भांडणही सुरू करता येत नाही.

"टेबल टाकायचं आहे? आपलंच आहे ना?"

"हो."

"खरेदीची पावती?"

"नाही. कोणीतरी दिलंय."

"मग देणाऱ्याची सही लागेल. की त्यांनी तुम्हाला ते टाकायला दिलं आहे."

"त्यांनी वापरायला दिलं आहे."

"मग वापरा," बाई मनापासून म्हणाल्या.

मी मनातल्या मनात तो प्रसंग रंगवून बघितला. टपालआजोबांचं दार वाजवायचं आणि म्हणायचं, तुम्ही प्रेमाने दिलेलं टेबल फेकतोय, इथे सही करता का? पेन मी आणलं आहे.

"आणि रिकामी खोकी टाकायची असली तर?" मी सहज विचारलं. खरंच सहज.

"चपटी करून खाली निळ्या पेटीत टाका. केव्हाही. त्याला काही लागत नाही."

जगात परवानगीशिवाय टाकता येणारी एकच वस्तू होती, आणि मी नेमकी तीच कुलपात ठेवली होती. तरीही मी बाहेर पडलो तो खोकी वाचवायचा विचार करतच. आणि मला तात्पुरतेकाका आठवले.

तात्पुरतेकाका आमच्याच शाखेतले, आपल्याकडचे. माझ्या आधी कितीतरी वर्षं ते इथे आले होते, आणि आल्यापासून ‘येत्या वर्षी परत’ जाणार होते. ऑफिसात त्यांना हे नाव मीच पाडलं होतं आणि त्यावर मी पुष्कळदा हसलोही होतो. त्यांच्याकडे तळघराची मोठी खोली आहे असं ऐकलं होतं. माझी खोकी चार महिने ठेवून घ्या म्हणावं, असं ठरवून शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो.

सोफ्यावर प्लास्टिक होतं. दुकानातून आलं तेव्हाचंच, आता पिवळं पडून कडक झालेलं. बसलो की ते कडकड वाजे, म्हणून सगळेच जण हललं तर चालेल ना अशा बेताने बसले होते. काकांनी मला कौतुकाने आतली खोली दाखवली. तळघर भरलं, तेव्हा त्यांनी एक अख्खी खोली खोक्यांना दिली होती. छतापर्यंत रांगा होत्या, आकारानुसार, चिकटपट्टीसुद्धा जागची हललेली नाही. इतकं नेटकं काम मी माझ्या धंद्यातही फार पाहिलेलं नाही.

"हा फ्रिजचा," काका म्हणाले.

"फ्रिज स्वयंपाकघरात आहे?"

"तो गेला केव्हाच. आताचा दुसरा. पण खोका चांगला होता."

काकूंनी चहा आणला, कागदी पेल्यांत. "राग मानू नका हं," त्या म्हणाल्या. "चांगले कप खोक्यात आहेत."

मी पेला हातात घेतला. तो भाजत होता, पण खाली ठेवायला टेबल नव्हतं. इकडचं तिकडचं बोलायचं म्हणून विचारलं, "मुलगा कुठे असतो आता?"

"चार तासांवर असतो. नोकरी छान आहे," काकू म्हणाल्या. "येतो ना, दिवाळी-दसरा असं काही नाही, कामाला येतो तेव्हा भेटून जातो. हॉटेलात उतरतो."

"घरी नाही?"

काकू हसल्या. "ती खोली त्याचीच होती."

काका खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "येत्या वर्षी जायचंच आहे म्हणा."

कोणीच हललं नाही, तरी सोफा कडकडला. मी चहा संपवला, खोक्यांचा विषय काढला नाही, आणि निघालो. दारात काकांनी विचारलं, "काही काम होतं ना तुमचं?" मी म्हटलं, होतं, पण ते इथे आल्यावर झालं. आणि मग, विचार न करता म्हणालो, "उद्या संध्याकाळी आमच्याकडे या दोघं. मुलीचा वाढदिवस आहे. बसायला खुर्च्या आहेत."

घरी आलो तो वर न जाता तळघरात उतरलो. कुलूप काढलं. यंत्राच्या खोक्यातून ओव्हनचा काढला, त्यातून मिक्सरचा, त्यातून इस्त्रीचा. पहिल्या खोक्याची चिकटपट्टी फाडताना हात जरा थबकला, हे कबूल. दुसऱ्याला नाही. थोड्या वेळाने मला कळलं की यात मजा आहे. उडी मारून खोका चपटा करायची संधी माणसाला मोठेपणी फार मिळत नाही. आवाज ऐकून किल्लीवाले आले आणि निळ्या पेटीचं झाकण उघडून धरून उभे राहिले. आम्ही दोघांनी मिळून सगळं आत घातलं. वर जाऊन टीव्हीचा खोकाही आणला. त्याचा एक तुकडा मात्र मी कापून ठेवला. तो टपालआजोबांच्या टेबलाच्या आखूड पायाखाली चार घड्या करून घातला, तेव्हा टेबल जन्मात पहिल्यांदा स्थिर झालं. घडीवर अक्षरं दिसत होती, ‘ही बाजू वर’. बाण या खेपेला खरोखर वर होता.

बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. "बरं नाही का तुम्हाला?"

"चांगला आहे."

"मग परत जाताना ओव्हन कशात नेणार?"

"कशाला न्यायचा?" मी म्हणालो. एवढंच बोललो. ती पडदे घेऊन शिवण उसवायला बसली, वीतभर लांबी कुठून निघते का बघायला.

शनिवारी मैत्रिणी आल्या. कन्या त्यांना हाताला धरून घरभर फिरवत होती आणि ‘हे आमचं टेबल, हे आमचं दुसरं टेबल, हा आमचा दिवा,’ अशी ओळख करून देत होती. पडदे अजूनही आखूड होते, आता बोटभरच. बायकोने जिन्यातल्या सगळ्यांनाही बोलावलं होतं, आणि ते सगळे आले. गंमत म्हणजे खोलीत शिरल्यावर कोणाला कुठे बसा म्हणावंच लागलं नाही. प्रत्येक जण बरोबर आपापल्या खुर्चीवर जाऊन बसला. झारीबाई तेवढ्या उभ्या राहिल्या. गादीच्या खुर्चीत तात्पुरतेकाका बसले होते, पाठ सैल सोडून, डोळे अर्धे मिटून. झारीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, काका उठायला लागले तर हातानेच ‘बसा’ म्हणाल्या, आणि स्टूल ओढून घेतलं.

मग मला बाजूला बोलावून हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या भाच्याचं दुकान आहे. हिशेब लिहायला माणूस हवाय त्याला. तुम्हाला जमेल का? तो शिकवेल."

माझा स्वाभिमान उसळून गळ्यापर्यंत आला. अख्खी शाखा, पेन्सिल, सही, सगळं जिभेवर होतं. तेवढ्यात मागून बायको म्हणाली, "विचार करतील ते. सध्या काम आहे थोडं त्यांच्याकडे."

आता एवढ्या माणसांना चहा द्यायचा तर कंपनीचे मग पुरेनात. बायको स्वयंपाकघरात गेली, म्हणून मीही गेलो. ती कोपऱ्यातल्या खोक्यासमोर बसली होती. आमची नजरानजर झाली. मी सुरी दिली. तिने पट्टी कापली आणि एकेक कप वर्तमानपत्रातून सोडवायला लागली. वर्तमानपत्र आपल्याकडचं होतं, जुन्या बातम्यांचं. चार निघाले, छान, निळ्या काठाचे. पाचव्या पुडीत कपाचे तुकडे होते. सहावा कप अख्खा होता, पण त्याचा कान कागदात वेगळा पडला होता.

"हे कधी झालं?" मी म्हणालो. "आपण तर हातसुद्धा लावला नाही."

"येतानाच झालं असणार. विमानात."

म्हणजे वर्षभर आम्ही एका फुटलेल्या कपाला वळसा घालून चालत होतो. कन्येला पळू दिलं नव्हतं. बायकोने तो कान तळहातावर घेतला. मला वाटलं, रडते की काय. आईने दिलेले कप ते. पण तिच्या खांद्यांवरून कळलं की ती हसत होती. मग मीही हसायला लागलो. बाहेरून कन्येने विचारलं, "काय झालं?" आम्हाला दोघांनाही काही सांगता येईना.

चांगले कप पाहुण्यांना गेले. त्यांतला एक काकूंना मिळाला. त्यांनी तो दोनदा फिरवून बघितला, काठावरून बोट फिरवलं, आणि चहा घ्यायच्या आधी काकांना म्हणाल्या, "आपले पण असेच आहेत ना हो? हिरवे."

"निळे," काका म्हणाले. मग थांबून म्हणाले, "बघायला पाहिजे."

किल्ल्यांचा आवाज आला. किल्लीवाले वाट मोकळी आहे का बघायला आले होते. मुलींनी त्यांना ओढून केक दिला. ते लोखंडी खुर्चीवर टेकले, तेव्हा मला कळलं की ती कोणाची होती. त्यांनी भिंतींकडे बघितलं, पडद्यांकडे बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तळघर एकदम मोकळं केलंत. निघालात वाटतं?"

प्रश्न ओळखीचा होता आणि त्याचं उत्तर वर्षभर माझ्या तोंडात बसलेलं होतं. टेबलाशी वाकलेली कन्या मेणबत्तीचं मेण खरवडत होती. तिचा हात थांबला. बायको दारात ट्रे घेऊन उभी होती.

"नाही," मी म्हणालो. "आहोत आम्ही."

"मग त्या भिंतीला घड्याळ लावा," किल्लीवाले म्हणाले. "खोलीत वेळच कळत नाही. अर्ज द्या, खिळा मी ठोकून देतो."

कन्या परत मेण खरवडायला लागली. बायकोने ट्रे पुढे केला. त्यावर एकच कप उरला होता, कान नसलेला, आणि तो माझाच होता हे वेगळं सांगायला नको. मी झारीबाईंच्या शेजारी जमिनीवर बसलो. तसा कप एका बोटावर धरून उभ्या उभ्या पिता येत नाही. तो दोन्ही हातांत घ्यावा लागतो, आणि दोन्ही हात गुंतले की माणसाला निवेपर्यंत बसावंच लागतं.